मेन स्विचवरची टोपी

भाऊजी,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले, पण विचुंब्यात अजून कोणाचा त्यावर नीट विश्वास बसलेला नाही. त्याला कारण तुमची टोपी. तुम्हाला नेलं त्या दिवशी तुमच्या लेकीने, दर्शनाने, गिरणी बंद केली, मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि तुमची टोपी त्यावर अडकवली. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी गिरणीत डोकावतो, टोपी बघतो आणि म्हणतो, "हाय, म्हातारा आतच हाय." मग पडवीत ताईसमोर येऊन बसतो आणि रडायला आलेला माणूस हसत घरी जातो.

परवा तर समोरच्या टॉवरमधल्या सहाव्या मजल्यावरच्या बाई आल्या, ज्वारीचा डबा घेऊन. त्या गावी गेल्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. गिरणीच्या दारातल्या बाकड्यावर अर्धा तास बसून राहिल्या. शेवटी ताईने बघितलं आणि विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाही, घाई नाहीये. काकांची टोपी दिसली ना, म्हणून म्हटलं ते मशीनमध्ये असतील. येतील बाहेर." ताईने त्यांना सांगितलं. त्या बाई इतक्या रडल्या की ताईलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. ज्वारी तशीच राहिली आहे. डब्यावर त्यांचं नाव आहे, काळजी नसावी.

तुम्ही गेलात तेसुद्धा काय थाटात! दुपारी जेवून, तांदळाच्या पोत्यांना पाठ टेकून, छातीवर पेपर घेऊन. इतकी वर्षं मी ज्या यंत्राच्या नावाने तुम्हाला घाबरवलं, त्याने तुमची दोन बोटं सोडून दुसरं काही घेतलं नाही. "काय सायेब, कोन जिंकला?" असं तुम्ही तिकडून विचारताय, हे मला इथे न्यू पनवेलच्या माझ्या गॅलरीत बसून ऐकू येतंय. थांबा. आपला वाद अजून संपलेला नाही. उलट त्यातलं माझं खरं म्हणणं मी तुमच्यापुढे कधी मांडलंच नव्हतं. ते आज मांडतो, कारण उद्या मला ते दर्शनासमोर मांडायचं आहे आणि आज त्याची तालीम करायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

वाद टोपीचा. ज्याने तुमची गिरणी पाहिली नाही त्याला हे सांगून पटणार नाही. जाडजूड लोखंडी मेन स्विच, बाजूला दांडा. दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. पुलीवरचा पट्टा उतरला, भात सडायच्या हलरमध्ये काही अडकलं, बेअरिंग कुरकुरलं, की तुम्ही दांडा खाली ओढायचात, डोक्यावरची टोपी काढून त्यावर अडकवायचात आणि यंत्राच्या मागे, भिंतीच्या आणि पुलीच्या मधल्या त्या फटीत शिरायचात. तिथे गेलेला माणूस पुढून दिसत नाही. टोपी म्हणजे निरोप: मी आत आहे, दांड्याला हात लावू नका. एवढंच तुमचं सगळं सुरक्षेचं शास्त्र. आणि खरं सांगायचं तर अख्खा गाव ते पाळायचा. तांदूळ सडायला आलेल्या बायका टोपी बघून खाली बसायच्या आणि गप्पांना सुरुवात करायच्या. शाळेतून येणारी पोरं टोपी बघून आवाज न करता जायची, जणू आत कोणी देवाची पूजा करतंय.

ती पळस्प्याच्या लग्नाची गोष्ट आठवते का? तुम्ही सकाळी पट्टा बसवलात, मागच्या दाराने विहिरीवर हात धुवायला गेलात, तिथेच कोणीतरी रिक्षा घेऊन आलं आणि तुम्ही तसेच लग्नाला निघून गेलात. टोपी दांड्यावर. इथे गिरणीत माणसं जमायला लागली. तासाभराने हाका सुरू झाल्या. कोणीतरी मागच्या फटीत वाकून बघितलं, तुम्ही नाही. मग कोणी म्हणालं, हलरच्या खाली बघा. कोणी विहिरीत बघितलं. ताई रडायला लागली. आणि तुम्ही तिकडे पंगतीत बसून, डोक्यावरून सारखा हात फिरवत शेजारच्याला विचारत होतात, "आज गार का लागतंय रं एवढं?" संध्याकाळी परत आलात तर आठ-दहा बायका आपापली भाताची पोती घेऊन तशाच बसलेल्या. एकीनेही दांड्याला हात लावला नव्हता. तुम्ही हे सांगताना दर वेळी शेवटी माझ्याकडे बघायचात, कारण मी स्विचला कुलूप लावा म्हणून मागे लागायचो. "बग सायेब. तुज्या कंपनीतल्या कुलपानं हे झालं आसतं का?"

मी तळोज्याच्या कारखान्यात सेफ्टी खात्यात होतो, हे तुम्ही गावभर सांगायचात, आणि माझं एकही म्हणणं ऐकायचं नाही हेही ठरवून टाकलेलं होतंत. पट्ट्याला लावायची लोखंडी जाळी मी स्वतः माप घेऊन करून आणली. पंधरा दिवसांनी आलो तर ती अंगणात उलटी, आणि आत कोंबड्या. "कोंबड्यांना जास्त धोका हाय," तुम्ही म्हणालात. "मांजर येतं." हेल्मेट दिलं, त्याचं तुम्ही कोंडा मोजायचं माप केलंत. चष्मा दिला, तो ताईला आवडला. ती अजून मिरची दळताना तोच लावते, म्हणजे निदान एका वस्तूचा तरी खरा उपयोग झाला. हातमोजे दिले तेव्हा तुम्ही गेलेल्या दोन बोटांच्या जागी कोंडा भरून शिवून घेतलात आणि ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांशी हात मिळवलात. त्या बिचाऱ्याने हात सोडला तर तुमची करंगळी मागे वळलेली. तो पांढरा पडला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या सायेब, सरळ होईल हळूहळू."

बोटांच्या तर किती गोष्टी होत्या तुमच्याकडे. लहान मुलांना सांगायचात, कर्नाळ्याच्या जंगलात वाघाशी हात मिळवला होता. नव्या सुनांना सांगायचात, सासूचं ऐकलं नाही म्हणून गेली. टॉवरमधला एक सुशिक्षित मुलगा खूपच मागे लागला, तर त्याला म्हणालात, "बाला, दहा बोटं हवी कशाला, मोबाइलला एकच लागतं." खरी गोष्ट मात्र तुम्ही सांगत नव्हतात. सांगायचात ती एकच, आणि तीही थोडक्यात: टोपी वाऱ्याने पडली.

तिथे येतो मी आता.

बावीस वर्षांपूर्वीची खंडेनवमी. मी तेव्हा सेफ्टी खात्यात नव्हतो, साधा फिटर होतो, आणि यंत्राबद्दल मला जगातलं सगळं कळतं अशा समजुतीत होतो. सकाळपासून गिरणी धुऊन निघाली होती. मोटरला, हलरला, वजनकाट्याला हळदकुंकू लागलं. ताई आत गूळखोबऱ्याचं ताट करत होती. दर्शना नऊ वर्षांची, परकर सावरत सगळीकडे उदबत्त्या लावत फिरत होती. मला झेंडूचे हार घालायचं काम दिलं होतं. मोटरला घातला, हलरला घातला. एक हार उरला होता. मी मेन स्विचकडे वळलो तर त्या दांड्यावर तुमची ती कळकट, कोंड्याने माखलेली टोपी. सणाचा दिवस, नवा हार, आणि वर ही टोपी. मी ती काढली. नीट घडी घातली. शेजारच्या पोत्यावर ठेवली आणि दांड्याला हार घातला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होता.

मला नियम माहीत नव्हता असं नाही. गावातल्या पाच वर्षांच्या पोराला माहीत होता. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात टोपी म्हणजे निरोप नव्हती, हाराच्या आड येणारी एक मळकी वस्तू होती. मग चहा आला. मग कोणी फोटो काढला. मग ताई ताट घेऊन आली, ओवाळलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "वसंता, कर चालू, मुहूर्ताचा एक फेरा होऊ दे." तिने दांड्याकडे बघितलं होतं. टोपी नव्हती, म्हणजे तुम्ही आत नव्हतात. तिचं काही चुकलं नाही. मी दांडा वर केला.

तुम्ही मागे पुलीला कुंकू लावत होतात.

तो आवाज मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्ही ओरडलाही नाहीत. बाहेर आलात, हाताला पंचा गुंडाळलेला, आणि पहिलं काय म्हणालात तर "पट्टा तुटला का बग." डॉक्टरला म्हणालात, उरलेली आहेत ती नीट बांध, मला भातं काढायची आहेत. सगळे माझीच समजूत घालत होते. "तू तरी काय करशील, टोपीच नव्हती." "टोपी असती तर दांडा वर केला असता का याने?" मी मान खाली घालून ऐकत होतो. आज सांगतो, उद्या सांगतो, हात बरा झाला की सांगतो, असं करत राहिलो.

संध्याकाळी ताई दवाखान्यात तुमची टोपी घेऊन आली. पोत्यावर सापडली म्हणाली. तुम्ही डाव्या हातात ती घेतलीत, उजवा बांधलेला होता. बराच वेळ बघत राहिलात. मी पलंगाच्या पायाशी उभा. टोपी घडी केलेली होती, भाऊजी. तुम्ही जन्मात कधी टोपीची घडी केली नव्हती. तुम्ही ती उशीखाली कोंबायचात, खिशात कोंबायचात, दांड्यावर लटकवायचात. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाऱ्यानं पडली आसल." आणि टोपी झटकून, घडी मोडून, डोक्यावर घातलीत.

वाऱ्याला घडी घालता येत नाही, हे तुम्हाला कळलं नसेल असं मी बावीस वर्षांत एक दिवसही मानलं नाही. तुम्ही ती गिरणी स्वतःच्या हाताने बांधलीत. त्या कोपऱ्यात खिडकी नाही, झरोका नाही, हे तुमच्याएवढं कोणाला माहीत असणार? पण ताईने तुमचं बोलणं खरं धरलं. घरी आल्या आल्या तिने फर्मान काढलं की गिरणीच्या दाराला पडदा हवा, वारा यायला नको. आणि तुम्ही, ज्या माणसाने माझी जाळी कोंबड्यांना दिली, त्या माणसाने निमूटपणे आठ बोटांनी चार पोती उसवून, जोडून, दाराला तो गोणपाटाचा पडदा लावला. तेव्हापासून गिरणीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. मी दर वेळी तो पडदा बाजूला सारून आत यायचो आणि दर वेळी मला वाटायचं, हा माझ्यासाठी शिवलेला आहे.

त्यानंतर मी कारखान्यात अर्ज करून सेफ्टी खात्यात गेलो. लोकांना वाटलं बढतीसाठी. मी शिकलो आणि मग शेकडो माणसांना शिकवलं: यंत्रात शिरायचं तर स्विच बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. चिठ्ठी पडते, पाटी हलते, माणूस विसरतो. जो आत आहे त्याच्याच खिशात किल्ली हवी. निवृत्तीच्या समारंभात तुम्ही पुढच्या रांगेत बसला होतात आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या तुमच्या होत्या, जरी त्यांत दोन बोटांचा आवाज कमी होता. चहाच्या वेळी माझ्या साहेबांना म्हणालात, "आमच्या मेवण्यानं लय जनांची बोटं वाचवली." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्याच दिवशी कारखान्याने मला एक लाल कुलूप भेट दिलं. ते मी तुम्हाला दिलं. तुमच्या मेन स्विचच्या दांड्यापाशी एक भोक आहे, ते कुलूप लावायलाच केलेलं असतं, हे मी तुम्हाला दहा वेळा दाखवलं होतं. तुम्ही त्या भोकात रोज उदबत्ती खोचायचात. कुलूप बघून तुम्ही म्हणालात, "सायेब, कुलूप लावलं म्हंजे मी गावावर संशय घेतला. टोपी ठेवली म्हंजे मी माजा जीव गावाच्या हवाली केला. गावानं कदी धोका दिला का?"

मी म्हणालो, "एकदा दिला ना."

तुम्ही म्हणालात, "तो वारा."

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मी देऊ शकत नव्हतो. वारा नव्हता, मी होतो. तुमच्यावर जीव असलेला, तुमच्या घरचा, यंत्र कळणारा माणूस होता, तरीही टोपी हलली. म्हणून टोपी पुरत नाही. एवढं म्हटलं असतं तर वाद त्याच क्षणी संपला असता. तुम्ही मुद्दाम माझ्या हातात ते उत्तर देऊन वाट बघत होतात का? की खरंच झाकून टाकायचं होतं? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याचा मला तुमच्यावर थोडा रागही आहे. तुम्ही एक शिवी दिली असतीत तर मी सुटलो असतो. तुम्ही बावीस वर्षं मला मटणाच्या रश्श्यातली नळी काढून वाढलीत.

आता दर्शनाचं. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सुटल्यापासून ती पाच वर्षं तुमच्याबरोबर गिरणीत होती, तुमच्यासारखीच स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ऐकते, पट्टा तुमच्यापेक्षा चांगला बसवते. पण तुमच्या हयातीत मागच्या फटीत तुम्हीच शिरायचात. आता ती शिरणार. दहाव्याला सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "गिरनी बंद नाय होनार. तेराव्याचं गोड जेवन झालं की चालू करू, भात येऊन पडलंय लोकांचं. आनि आत जाताना बाबांची टोपी दांड्यावर लावूनच जानार मी. ती हाय तोवर मना काय होत नाय." सगळ्यांचे डोळे भरले. मला दिसत होतं ते वेगळंच. तिची ओढणी, तिची वेणी, तिची दहा बोटं, आणि बाहेर आता विचुंबे राहिलेलं नाही, चार टॉवर आहेत. उद्या दळणाला येणारा कोणीतरी नवा माणूस मळकी टोपी बघून ती उचलेल आणि नीट घडी घालून बाजूला ठेवेल. वाईट माणूस असायची गरज नाही. मी कुठे वाईट होतो?

उद्या सांगतो तिला. तुम्ही रागावू नका. तुम्ही झाकलेलं मी उघडणार आहे.

*

भाऊजी, सांगितलं.

जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, चारच्या सुमाराला दर्शना पदर खोचावा तशी ओढणी खोचून गिरणीत गेली. मागोमाग ताई हळदकुंकवाचं ताट घेऊन. मला वाटलं होतं दर्शनाला एकटीला गाठावं, पण मग म्हटलं, बावीस वर्षं एकांताची वाट बघूनच गेली. पडदा सारून आत गेलो आणि दिव्याखाली उभं राहून तीन वाक्यांत सांगितलं. टोपी मी काढली होती. हार घालायला. घडी घालून पोत्यावर मी ठेवली होती.

बाहेर कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. दर्शनाने स्विचकडे बघितलं. तुमची टोपी अडकवलेली, आणि त्या कुलपाच्या भोकात तिने नुकतीच लावलेली उदबत्ती.

"वारा नव्हता ते मना लहानपनापासून ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू बग ना मामा. धूर सरळ वर जातो. रोज सरळच जातो. मी बाबांना इचारलेलं पन, हितं वारा कुठनं आला? तर बाबा बोलले, रोज थोडाच येतो, एकदाच आलेला. आनि हसले." तिने माझ्याकडे बघितलं. "आज समजला मना, वारा कोन होता तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी, भाऊजी, इतकं हलकं वाटलं की पोत्यावर बसावं लागलं. म्हणजे तुम्ही हसला होतात. तेवढं मला पुरलं.

ताई मात्र तशीच उभी होती. हातात ताट. तिचा चेहरा मला वाचता येईना. मी म्हटलं, "ताई, मार मला हवं तर." तिने ताट वजनकाट्यावर ठेवलं, दाराकडे गेली, तो गोणपाटाचा पडदा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. एका हिसक्यात आला नाही, तुमचं शिवणकाम पक्कं होतं. दुसऱ्या हिसक्याला खिळ्यासकट खाली आला. सगळी गिरणी उन्हाने भरली. मला त्या भिंतींचा रंग निळा आहे हेसुद्धा आठवत नव्हतं.

"बावीस वर्सं!" ताई ओरडली. "बावीस वर्सं मी काळोखात तांदूळ पाखडले, मेल्यांनो! वारा, वारा, वारा! त्यांना पन ठाऊक, हिला पन ठाऊक, तुला पन ठाऊक, आनि मी एकटी येडी, दर दिवालीला पडदा धुतेय!" आणि बोलता बोलता ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दर्शना म्हणाली, "मामा, ते लाल कुलूप कुठं हाय?"

तुम्हाला माहीत आहे ते कुठे होतं. तुम्ही जाळीच्या खुराड्याला दार करून त्याला ते लावलं होतंत. दर्शनाने किल्ली शोधून ते काढून आणलं आणि सगळ्या कोंबड्या तिच्यामागून गिरणीत आल्या. एक तर ताईच्या ताटातले तांदूळ टिपायला लागली. एवढ्या गंभीर प्रसंगाची त्यांनी पार वाट लावली. जाळीसुद्धा परत घेणार आहे मी, पण कोंबड्यांची दुसरी सोय झाल्यावर. ताईची ती अट आहे.

मग दर्शनाने दांडा वर केला. गिरणी चालू झाली, पहिला तांदूळ पडला, दर्शनाने मूठभर घेऊन हुंगला, तुम्ही हुंगायचात तसा. आणि तेरा दिवस बसून राहिलेल्या पट्ट्याने त्याला जे करायचं होतं ते केलं: पाच मिनिटांत पुलीवरून उतरला. आम्ही तिघंही हसलो.

दर्शनाने दांडा खाली ओढला. टोपी आधीच काढून माझ्या हातात दिली होती. भोकातली उदबत्ती तिने काढून खालच्या पोत्यावर खोचायला घेतली, तेव्हा मी ओरडलो. पोत्यावर पेटती उदबत्ती! शेवटी ती तुमच्या फोटोपुढे गेली. मग तिने भोकात लाल कुलूप घातलं, दाबलं, ओढून बघितलं, किल्ली ड्रेसच्या खिशात टाकली आणि मागच्या फटीत शिरली. दिसेनाशी झाली.

मी स्विचपुढे उभा होतो. मला करायला काहीच काम नव्हतं. हातात तुमची टोपी होती. कुठे ठेवावी सुचेना, आणि माझे हात आपोआप तिची घडी घालायला लागले. अर्धी घडी झाल्यावर ते थांबले. मी ती उलगडली, आणि तशीच चुरगळलेली, कोंड्याच्या वासाची, डोक्यावर ठेवली. मला ती थोडी मोठी होते.

आतून दर्शनाने हाक मारली, "मामा, बाहेर हायस ना रं?"

"हाय," मी म्हटलं. "हितंच हाय."